सत्तरीचं कार्ड आलं. आता बाबांची पॉलिसी सोडू का?

नमस्कार ताई,

माझे बाबा ७४ वर्षांचे आहेत, आई ६८ ची. दोघं लालबागला चाळीत राहतात, मी भांडुपला. बाबा खासगी कंपनीतून निवृत्त झाले, पेन्शन नावापुरती. त्यांना डायबिटीस आहे आणि सहा वर्षांपूर्वी स्टेंट घातलेली आहे. दोघांची मिळून पाच लाखांची मेडिक्लेम पॉलिसी गेली अकरा वर्षं चालू आहे. यंदा तिच्या नूतनीकरणाचे ६४,५०० रुपये मागितलेत. हप्ता मीच भरते. बाबांची औषधं महिन्याला ३,२०० ची, शिवाय दर तीन महिन्यांनी डॉक्टर आणि तपासण्या मिळून साडेतीन हजार जातात.

मार्चमध्ये बाबांचं सत्तरीवरच्यांचं आयुष्मान कार्ड काढलं. चाळीत सगळे म्हणाले, आता सगळं फुकट, पॉलिसी कशाला भरतेस? मे महिन्यात बाबांना चक्कर आली. घराजवळच्या नर्सिंग होममध्ये दोन दिवस ठेवलं. कार्ड दाखवलं तर "हे इथे चालत नाही" म्हणून परत दिलं. २७,००० रुपये भरले. पॉलिसीनेही क्लेम नाकारला, नुसत्या तपासण्यांसाठी ठेवलं होतं म्हणे. बाबांचं तर म्हणणं, "मला सरकारची खैरात नको, मेलो तर घरी मरेन." मग या कार्डाचा उपयोग काय? पॉलिसी भरू की सोडू? मुदत महिनाअखेर संपते.

– एक मुलगी, भांडुप

*

प्रिय ताई,

मुदत जवळ आहे, म्हणून उत्तर आधी सांगते आणि कारणं मागून. यंदाचा हप्ता भरा. कार्डही जपून ठेवा. पुढचे बारा महिने दोन्हींची नीट ओळख करून घ्या, म्हणजे पुढच्या वर्षी हा निर्णय चाळीतल्या बोलण्यावर होणार नाही.

मी सत्तावीस वर्षं महापालिकेच्या रुग्णालयात समाजसेवा विभागात होते. "सगळं फुकट आहे ना?" हा प्रश्न मी रोज ऐकला. बहुतेकांची फसगत त्या 'सगळं' शब्दापाशी व्हायची. म्हणून आपण तोच शब्द सोडवून बघू.

बाबांच्या कार्डाचं नाव आयुष्मान वय वंदना कार्ड. सत्तर वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकासाठी केंद्र सरकारने ते २९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू केलं. उत्पन्नाची अट नाही, रेशनकार्डाच्या रंगाची अट नाही, आधार पुरतं. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार, हप्ता शून्य. आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे जुन्या आजारांसाठी थांबावं लागत नाही. बाबांचा डायबिटीस, त्यांचं हृदय, सगळं पहिल्या दिवसापासून धरलं जातं. स्टेंट घातलेल्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसासाठी बाजारात नवी पॉलिसी मागून बघा, म्हणजे या एका सवलतीचं मोल कळेल.

मग नर्सिंग होममध्ये काय झालं? एक तर ते योजनेत नव्हतं. हे कार्ड फक्त योजनेशी जोडलेल्या, म्हणजे अंगीकृत रुग्णालयात चालतं. काउंटरवरची मुलगी तुमच्याशी तुसडेपणाने बोलली असेल, पण खोटं बोलली नाही. दुसरं, ते नर्सिंग होम अंगीकृत असतं तरी अडचण आलीच असती. योजनेत ठरलेल्या उपचारांची यादी आहे, प्रत्येकाचं पॅकेज आहे. 'चक्कर का येते ते बघायला दोन दिवस ठेवू' हे सहसा कुठल्या पॅकेजात बसत नाही. तुमच्या कंपनीने क्लेम नाकारला तोही याच कारणाने. नुसत्या तपासणीसाठी दाखल होणं बहुतेक पॉलिसींमध्ये वगळलेलं असतं. तरी एक करा. डिस्चार्जचा कागद काढून बघा. त्यावर सलाइन, इंजेक्शनं, काही निदान आणि त्यावरचे उपचार लिहिलेले असतील, तर कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवा की ही नुसती तपासणी नव्हती. तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, त्याला पैसे पडत नाहीत. कार्डातून मात्र ते २७,००० आता मिळणार नाहीत. ही योजना कॅशलेस आहे. आधी खिशातून भरायचं आणि मग बिलं लावून परत मागायचं, अशी सोय तिच्यात नाही. दाखल होतानाच कार्ड पुढे करायचं, हे घरात सगळ्यांना माहीत असू द्या.

आता पैशांचा हिशोब. बाबांच्या औषधांचे वर्षाला ३८,४००. डॉक्टर आणि तपासण्यांचे १४,०००. झाले ५२,४००. ताई, यातला एक रुपयाही कार्ड देत नाही आणि तुमच्या पॉलिसीत ओपीडीची वेगळी सोय नसेल तर तीही देत नाही. दोन्ही गोष्टी मुख्यतः दाखल झालेल्या माणसासाठी आहेत. कार्डात दाखल होण्याच्या आधीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस यांतली औषधं-तपासण्या धरल्या आहेत, पण त्या त्याच आजारापुरत्या. म्हातारपणाचा खरा खर्च मात्र रोजच्या गोळीत असतो. तो दर महिन्याला थोडा थोडा जातो, म्हणून कुणी मोजत नाही, आणि हप्त्याची रक्कम एकदम समोर येते म्हणून तिचीच भीती वाटते. तुमच्या घरात दोन्ही मिळून १,१६,९०० होतात. बचत करायचीच तर आधी त्या ५२,४०० मध्ये हात घाला. डॉक्टरांना विचारून चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या आणि जनऔषधी केंद्रात चौकशी करा. डायबिटीस आणि ब्लड प्रेशरच्या नेहमीच्या गोळ्या तिथे ब्रँडच्या निम्म्या किमतीत, काही त्याहूनही स्वस्त मिळतात. हृदयाची गोळी मात्र स्वतःच्या मनाने बदलू नका, ती डॉक्टरांनीच बदलायची. रक्ताच्या साध्या तपासण्यांसाठी महापालिकेचा आपला दवाखाना आहे, तिथे पैसे पडत नाहीत. आणि लालबागवरून केईएम किती लांब, हे मी तुम्हाला सांगायला नको.

म्हणजे कार्डाचा उपयोग काय, तर मोठ्या आजाराला. उद्या बाबांना पुन्हा अँजिओप्लास्टी लागली, न होवो पण कॅन्सर निघाला, डायलिसिसवर जायची वेळ आली, तर हे कार्ड घर वाचवतं. अशी वाचलेली घरं मी पाहिली आहेत. आणि त्याआधीच्या काळात, गावची जमीन विकून आलेले पैसे रुमालात बांधून काउंटरवर मोजणारी माणसंही पाहिली आहेत. अंगीकृत रुग्णालयात मंजूर झालेल्या उपचारात जनरल वॉर्डातली खाट, ऑपरेशन, भूल, औषधं, स्टेंटसारखी साधनं, रुग्णाचं जेवण, सगळं पॅकेजमध्ये येतं. त्यासाठी डिपॉझिट मागता येत नाही. मागितलं तर तिथल्या तिथे १४५५५ किंवा राज्याच्या १५५३८८ या क्रमांकावर फोन लावा. भांडू नका, शांतपणे फोन लावा आणि समोरच्याला दिसू द्या की लावलाय. स्वतंत्र खोली हवी असेल तर मात्र ती योजनेत नाही. सोबत राहणाऱ्याचं जेवण, भांडुप-परळ खेपा, रात्रीच्या आयाबाईचे पैसे, तुमच्या बुडालेल्या रजा हेही कुठल्याच पॅकेजात नाहीत. आठ दिवसांच्या मुक्कामाला पंधरा-वीस हजार बाजूला असलेले बरे.

मुंबईतली खरी अडचण रुग्णालय निवडण्याची आहे. केईएम, सायन, नायर, जे.जे., कॅन्सरसाठी टाटा, ही मोठी नावं योजनेत आहेत, पण तिथे रांग आहे. ज्या काचेच्या इमारतींमध्ये लोक 'चांगल्या उपचारांसाठी' जातात, त्यांतल्या अनेक योजनेत नाहीत. खासगी रुग्णालय योजनेत असलं तरी काही ठरावीक विभागांपुरतंच असू शकतं. हाडांसाठी असेल, हृदयासाठी नसेल. काही उपचार तर फक्त सरकारी रुग्णालयांसाठीच राखून ठेवलेले आहेत. म्हणून "तुमच्याकडे आयुष्मान चालतं का?" असं विचारू नका, त्याला "हो" असं उत्तर मिळेल आणि ते अर्धवट असेल. "अँजिओप्लास्टी तुमच्याकडे या योजनेत होते का, आणि शेवटची कधी केलीत?" असं विचारा. घराजवळची तीन रुग्णालयं निवडा, बाबा धडधाकट असताना एका शनिवारी जाऊन तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, भेटा. आरोग्यमित्राचं टेबल सहसा दाराजवळच असतं. तिन्ही उत्तरं वहीत लिहा. मी पॉलिसी भरा म्हणते ती या वहीसाठी. वही कोरी असताना पॉलिसी सोडणं म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं.

आणि सोडलेली पॉलिसी परत मिळत नाही, हे नीट समजून घ्या. २०२४ पासून नियम बदलले. पासष्टीनंतरही पॉलिसी विकायला कंपन्यांना आता आडकाठी नाही, आणि जुन्या आजारांसाठी थांबायला लावण्याची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणली गेली. पण स्टेंट पाहून कंपनी 'नाही' म्हणू शकते किंवा हप्ता वाढवून सांगू शकते. तुमची अकरा वर्षं झाली आहेत, म्हणजे ती थांबण्याची मुदत कधीच संपली. शिवाय सलग पाच वर्षं झालेल्या पॉलिसीत फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय 'माहिती लपवली' म्हणून क्लेम नाकारता येत नाही. ही अकरा वर्षं तुम्ही पैसे भरून कमावली आहेत. एकरकमी जड जात असेल तर मासिक किंवा तिमाही हप्ते करून मिळतात का ते विचारा. वार्षिक हप्त्याला मुदतीनंतर तीस दिवस मिळतात खरे, पण पैसे भरेपर्यंतच्या त्या मधल्या दिवसांत संरक्षण नसतं. तेव्हा त्यावर विसंबू नका.

नोटीस हातात आहे तर तीन गोष्टी बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. पूर्वी १८ टक्के होता. ६४,५०० मध्ये तो धरलेला नाही ना, ते तपासा. दुसरं, गेल्या वर्षीच्या पावतीशी ताडून बघा. ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला विमा नियामकाशी आधी सल्लामसलत करावी लागते, हा नियम जानेवारी २०२५ चा. वाढ जास्त दिसली तर लेखी विचारा. तिसरं, आई-बाबांचा हप्ता तुम्ही भरता, तर जुन्या कररचनेत आरोग्य विम्याच्या हप्त्यावर ५०,००० पर्यंतची वजावट तुमची. रोख भरलात तर ती जाते, म्हणून बँकेतून भरा. नव्या कररचनेत ही वजावट नाही.

पॉलिसीलाही तिचे खड्डे आहेत, ते लपवून मी तुम्हाला पैसे भरायला सांगणार नाही. खोलीच्या भाड्याची मर्यादा शोधा. पाच लाखांच्या पॉलिसीत दिवसाला एक टक्का, म्हणजे ५,००० अशी मर्यादा अनेकदा असते. बाबांना ८,००० च्या खोलीत ठेवलंत तर वाटतं, वरचे तीन हजार आपण भरू. तसं नसतं. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, हे सगळं त्याच प्रमाणात कापलं जातं. त्या खर्चाचं बिल दोन लाख असेल तर कंपनी सव्वा लाख देते, ७५,००० तुमच्यावर. पॉलिसीत को-पे असेल तर त्यावर आणखी. वीस टक्के को-पे म्हणजे मंजूर रकमेतल्या प्रत्येक लाखामागे वीस हजार तुमचे. हे दोन आकडे पॉलिसीच्या कागदावर लाल पेनने गोल करून ठेवा. दाखल होताना खोली मर्यादेतलीच घ्या, कुणी कितीही म्हणो.

पॉलिसी आणि कार्ड दोन्ही एकत्र ठेवायला हरकत नाही. खासगी विमा असलेल्यांनाही वय वंदना मिळतं. ज्यांना सीजीएचएस, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना, किंवा माजी सैनिकांची योजना आहे, त्यांना मात्र एक निवडावं लागतं. दाखल होण्याआधी ठरवा, या वेळी कार्ड की पॉलिसी, आणि तसं सांगा. मोठं, ठरवून करायचं ऑपरेशन कार्डावर. रात्री दोनला जवळ जे दार उघडं असेल तिथे पॉलिसी. मी तुमच्या जागी असते तर असं वाटून घेतलं असतं.

आईचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मला तीच जास्त उघड्यावर दिसते. ६८ वर्षांच्या बाईला वय वंदना मिळत नाही, अजून दोन वर्षं आहेत. चाळीतले 'पॉलिसी सोड' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यासमोर बाबा असतात. सोडलेल्या पॉलिसीत आई पण असते. तिच्यासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. १ जुलै २०२४ पासून तिची मर्यादाही दीड लाखावरून पाच लाख झाली आणि पांढरं रेशनकार्डवालेही तिच्यात आले. पण त्यासाठी रेशनकार्डावर आईचं नाव हवं, आणि आधारवरच्या नावाशी जुळणारं हवं. एकीकडे माहेरचं, दुसरीकडे सासरचं असेल तर आताच दुरुस्त करून घ्या. बाबांचे पाच लाख हे त्या कुटुंबाच्या पाच लाखांहून वेगळे आहेत. आई सत्तरीची झाली की मात्र ते पाच लाख दोघांत मिळून असतील, प्रत्येकी नव्हेत. पुढच्या वर्षी हप्ता खरंच झेपेनासा झाला, तर पॉलिसी बंद करण्याआधी कंपनीला विचारा की फक्त आईला ठेवलं तर किती पडेल. एकत्र पॉलिसीचा हप्ता घरातल्या सर्वांत मोठ्या वयावर ठरतो, त्यामुळे फरक पडेल.

एक दार अजून आहे, ते थोडक्यात सांगते. मुंबईतली बरीच मोठी रुग्णालयं कागदोपत्री धर्मादाय ट्रस्टची आहेत. त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. दुर्बल घटकाची उत्पन्नमर्यादा वर्षाला ३,६०,००० आहे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि तो आजारपणात काढायला वेळ नसतो. आताच काढून ठेवा. खाट नाकारली तर वरळीला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करता येते.

आता बाबा. त्यांच्या तोंडचं 'खैरात' वाचून मी पत्र खाली ठेवलं. माझ्याकडे असेच एक आजोबा आले होते, गिरणीतले. मुलाने त्यांची फाइल माझ्यासमोर ठेवली, तर त्यांनी तिच्यावर हात ठेवला. इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला पेन. म्हणाले, "बाई, मी चाळीस वर्षं कुणाचे पाच रुपये ठेवले नाहीत." मी त्यांना समजावलं नाही. विचारलं, "आजोबा, पगारातून काय काय कापायचे?" त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. काडेपेटीपासून कापडापर्यंत प्रत्येक गोष्टीवर त्यांनी कर भरला होता, हे त्यांच्याच तोंडून आलं. मोजता मोजता फाइलवरचा हात सुटला. तुमच्या बाबांशी असं बोलून बघा. कार्ड काढलंत तेव्हा त्यांना सोबत घेतलं होतं का? नसेल तर त्या शनिवारी आरोग्यमित्राकडे त्यांनाच पुढे करा, प्रश्न त्यांनाच विचारू द्या. ज्या माणसाला आपल्याबद्दलचं सगळं मुलीकडून कळतं, तो 'घरी मरेन' म्हणतो. त्यात राग कमी असतो आणि तुमच्यावर भार पडल्याची शरम जास्त. ६४,५०० चा आकडा त्यांनी ऐकलेला आहे, हे धरून चाला.

एक शेवटचं, कारण याच्यापायी मी माणसं रात्रभर ताटकळलेली पाहिली आहेत. दाखल होताना ओळख पटवायला आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येऊ शकतो. अंगठा उमटला तर ठीक, पण सत्तरीत बोटांच्या रेषा झिजतात. बाबांच्या आधारला बंद पडलेला जुना नंबर असेल, तर आधार केंद्रात जाऊन तो बदलून घ्या, आणि कार्डाची एक झेरॉक्स आईच्या पर्समध्ये ठेवा. आज रात्री फोन कराल तेव्हा बाबांना आधी तो नंबर कोणता आहे ते विचारा.

– तुमची ताई